मागचं सील दोनदा बदलूनही ऑइल गळतंय? गिअरबॉक्स परत उतरवण्याआधी एवढं बघा

तासगावकडच्या एका गाडीमालकांनी विचारलंय. गाडी टाटा 1613 ट्रक, मॉडेल 2005 चं, इंजिन 697 टर्बो. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं घर) खालून ऑइल गळायला लागलं म्हणून मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टचं, मागचं सील बदललं. महिनाभर कोरडं राहिलं, मग पुन्हा ठिबक सुरू. दुसऱ्यांदा सील टाकलं, ते तीन आठवडे टिकलं. आता टॅपेट कव्हरवरून (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) ओघळ येतोय आणि पुढं पुलीपाशीही ओल दिसतेय. हजार किलोमीटरला दीड-दोन लिटर ऑइल ओतावं लागतंय. साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आहे. त्यांचा प्रश्न सरळ आहे: इंजिन पूर्ण खोलायचं का?

दादा, आत्ता खोलू नका. आणि तिसऱ्यांदा सीलही टाकू नका. तुमच्या सांगण्यातच उत्तराचं टोक आहे. मागचं सील, वरचं टॅपेट पॅकिंग आणि पुढचं सील या तिन्ही जागा महिना-दोन महिन्यांत एकदम गळायला लागल्या. तीन वेगळ्या जागची तीन वेगळी पॅकिंगं एकाच महिन्यात म्हातारी होत नाहीत. असं होतं तेव्हा बहुतेक वेळा आतून दाब येत असतो, आणि जिथं वाट मिळेल तिथून तो ऑइलला बाहेर ढकलतो. सील नवं असो की जुनं, ते ऑइल अडवायला बनवलेलं असतं, हवेचा दाब अडवायला नाही.

मी सांगलीत तीसेक वर्षं जड गाड्यांची इंजिनं खोलतोय. 697 माझ्या हाताखालून सर्वांत जास्त गेलं. 6 सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 697. त्याआधीचं 692 म्हणजे 92 चा बोअर. टाटांचा डेमलर-बेंझशी 1954 ते 1969 करार होता, त्या घराण्यातलं हे इंजिन. 128 चा स्ट्रोक, 5,675 सीसी. नीट सांभाळलं तर कोरडं राहतं. जुनं इंजिन म्हणजे गळणारच, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आता दाब येतो कुठून? पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला वायू थोडासा खाली चेंबरच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) बाजूला उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर दिलेला असतो. ब्रीदर मोकळा आणि रिंगा ठीक, तर आत दाब जवळजवळ राहत नाही. ब्रीदर तुंबला, किंवा रिंगा-लायनर झिजून वायू फार उतरायला लागला (गॅरेजमध्ये आपण त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो), की आत दाब साठतो. भरल्या गाडीनं चढ चढताना तो सर्वांत जास्त असतो. म्हणून पुष्कळ मालक सांगतात, की रिकामी गाडी गळत नाही आणि खंबाटकी चढून गेलं की खाली सडा पडलेला असतो.

पहिलं काम दहा मिनिटांचं आहे आणि फुकट आहे. ब्रीदरचा पाइप मुळापासून सोडा. दिवसाउजेडी त्यातून आरपार बघा. जाळी असेल तर काढून डिझेलमध्ये भिजवा, काजळी आणि ऑइलचा चिकटा सुटेपर्यंत ब्रशनं घासा. रबरी नळी असेल तर ती दाबून बघा. बाहेरून धड दिसते, पण जुनी नळी आतल्या बाजूनं फुगून बंद झालेली असते.

एक गाडी आठवते. वाळवा तालुक्यातली, उसाचीच. हंगाम संपल्यावर मे महिन्यापासून चिंचेखाली उभी होती. नोव्हेंबरात पहिली खेप टाकली आणि परत येताना मागून, वरून, गेज काडीच्या (ऑइलची पातळी बघायची काडी) भोकातून, सगळीकडून ऑइल. मालकाच्या चेहऱ्यावर रंग नव्हता, कारण इंजिन मागच्याच वर्षी भरलं होतं, म्हणजे पूर्ण खोलून नवे भाग घातले होते. मी गाडीखाली गेलो आणि ब्रीदरच्या पाइपात करंगळी घातली. नखाला माती लागली. कुंभारीण माशीनं पाइपाच्या तोंडात घर केलं होतं, कडक चिखलाचं, आत वाळलेल्या अळ्या. तारेनं फोडून काढलं, पाइप धुतला, इंजिन चालू केलं. मागची गळती त्या क्षणी थांबली आणि पुढं हंगामभर परत आली नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र दाबानं बाहेर सरकलं होतं, ते बदलावंच लागलं. तेव्हापासून उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ब्रीदरला मी बारीक जाळी बांधायला सांगतो. चिंधी कोंबायची नाही. केबिनमध्ये धूर येतो म्हणून ड्रायव्हरनं ब्रीदरमध्ये चिंधी कोंबलेल्याही गाड्या बघितल्या आहेत. त्यानं सील गेलंच म्हणून समजा.

ब्रीदर मोकळा निघाला तर आतला दाब मोजायचा. ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवायचं आणि ते उडतं का बघायचं, ही जुनी रीत. वाईट नाही, पण त्यानं "आहे" किंवा "नाही" एवढंच कळतं. मी गवंड्याची लेव्हल नळी वापरतो. पारदर्शक नळी घेऊन एका फळीवर यू आकारात ठोकायची, दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मीटर उंच. शेजारी टेपचा तुकडा चिकटवायचा. नळीत निम्म्यापर्यंत पाणी भरायचं. एक टोक उघडं ठेवायचं आणि दुसरं ऑइल भरायच्या तोंडावर हवाबंद बसवायचं. जुन्या ट्यूबचा तुकडा आणि क्लॅम्प असला की काम होतं. ब्रीदर उघडाच राहू द्यायचा. इंजिन चांगलं गरम करून आधी आयडलला, मग रेस देऊन, दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते बघायचं.

रेसमध्ये चार-पाच सेंटिमीटरच्या आत फरक असेल तर मी इंजिनाला दोष देत नाही. दहाच्या वर गेला तर कितीही भारी सील टाका, टिकणार नाही. हे माझ्या फळीवरचे, अशाच इंजिनांवर बघून ठरवलेले आकडे आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.

पाणी उचललं म्हणजे रिंगा गेल्या, असा निकाल लगेच देऊ नका. इथं पुष्कळ मेस्त्री घाई करतात आणि मालकाच्या डोक्यावर हाफ इंजिनाचा खर्च बसतो. चेंबरमध्ये दाब घालणारी आणखी दोन माणसं आहेत: ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर आणि टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारा पंखा.

कॉम्प्रेसरला इंजिनचंच ऑइल जातं आणि ते परत इंजिनात उतरतं. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या की त्याची दाबलेली हवा त्याच वाटेनं इंजिनात शिरते. ओळखायची युक्ती सोपी आहे. नळी लावलेली ठेवा आणि टाकीत हवा भरू द्या. हवा पुरेशी झाली की अनलोडर फुस्स करून सोडतो. त्या क्षणी नळीतलं पाणी एकदम खाली आलं आणि ब्रेक मारून हवा कमी केल्यावर परत चढलं, तर गुन्हेगार कॉम्प्रेसर आहे, इंजिन नाही. सोबत टाकीचा ड्रेन कॉक उघडून बघा. काळं, चिकट पाणी निघालं तर तीच गोष्ट पक्की होते. कॉम्प्रेसरचं किट बदलणं आणि इंजिन भरणं यात खर्चाचा किती फरक आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

टर्बोचं सील गेलं तर एक्झॉस्टचा आणि बूस्टचा दाब ऑइलच्या रिटर्न पाइपातून खाली येतो. हवेचा होज काढून आत बोट फिरवा, शाफ्ट हातानं हलवून बघा. थोडी ओल चालते, पण ऑइलचं थारोळं आणि पंखा घराला घासल्याच्या खुणा चालत नाहीत. रिटर्न पाइप चेपलाय किंवा त्यात कार्बन धरलाय का, तेही तेव्हाच बघून घ्या.

दोन्ही निर्दोष निघाले, तर मग सिलिंडर. सहाही गेलेले असतात असं नाही. आयडलला चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करा, म्हणजे तो सिलिंडर पेटायचा थांबतो. ज्याचा नट सोडल्यावर नळीतलं पाणी ठळकपणे उतरतं, त्या सिलिंडरमध्ये रिंग तुटलीय किंवा पिस्टनला काहीतरी झालंय. डोळ्यांवर चष्मा हवा, नटावर जाड फडकं हवं आणि बोटं लांब हवीत. पंपाच्या दाबानं उडालेलं डिझेल कातडीच्या आत शिरतं. ही जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. असं झालं तर घरी न थांबता तडक दवाखान्यात जायचं.

तुमच्या दीड-दोन लिटरबद्दलही एक शंका आहे. एवढं सगळं खाली पडत असतं तर मागची चेसी, डिफरन्शियल आणि मडगार्ड ऑइलनं माखलेलं असतं. काही भाग ब्रीदरमधून वाफेसारखा जात असणार, काही जळत असणार. ब्रीदरच्या टोकाला प्लॅस्टिकची बाटली बांधा, तोंड गच्च न आवळता, म्हणजे हवा निघत राहील. एका खेपेनंतर बाटलीत किती साठलं ते बघा. सकाळी चालू करताना आणि घाट उतरून परत पाय देताना मागं निळा धूर निघतो का, तेही क्लिनरला बघायला सांगा.

आता थेंबांचा हिशोब, कारण मालकांना गळती कधी फार मोठी वाटते तर कधी फार छोटी. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसभरात 1,440 थेंब, बहात्तर मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरच्या वर. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. उभ्या गाडीखाली रात्री पुठ्ठा टाका, सकाळी डाग कुठं आणि केवढा आहे ते बघा आणि त्यावर तारीख लिहून ठेवा. दुरुस्तीनंतरचा पुठ्ठा शेजारी ठेवला की काम झालं की नाही यावर वाद उरत नाही.

दाबाचा प्रश्न मिटला की मग गळती शोधायची. धुतल्याशिवाय शोधू नका. वर्षानुवर्षांच्या चिखल-ऑइलच्या थरावर नवीन ओघळ दिसत नाही. डिझेल आणि ब्रशनं आधी वरून खाली, मग पुढून मागं धुवा. पाणी मारताना अल्टरनेटर, सेल्फ आणि हवेचं तोंड प्लॅस्टिकनं बांधा. गरम इंजिनावर गार पाणी मारू नका. वाळल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर फुंकरून उडवा. पंधरा मिनिटं आयडलला ठेवा, बघा. मग वीस-पंचवीस किलोमीटर भरून चालवा, परत बघा. पावडरीवर पहिली काळी रेघ जिथं उमटेल, ती जागा खरी. खाली लोंबणारा थेंब फक्त शेवटचं स्टेशन असतो. ऑइल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं. त्यामुळं पुढच्या पुलीपाशी गळालेलं ऑइल पंख्यानं उडून चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात लोंबताना मी कित्येकदा बघितलंय.

ऑइल कसलं आहे, हेही हाताला लावून ठरवा. इंजिनचं काळं आणि पातळ असतं. गिअरचं घट्ट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हा वास एकदा ओळखला की कधी चुकत नाही. डिझेल बोटावरून लगेच पसरतं. क्लचचं ऑइल रंग उचलतं.

बेल हाउसिंगसाठी माझी एक पक्की पद्धत आहे. वर हात घालून हाउसिंगच्या डोक्यावरून बोटं फिरवा. डोकं ओलं असेल तर ऑइल बाहेरून, वरून आलंय: टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, ऑइल गेजचा पाइप, प्रेशर स्विच, टर्बोला जाणारा पाइप. असं असताना गिअरबॉक्स उतरवला तर ती मजुरी पाण्यात गेली. डोकं कोरडं आणि फक्त खालच्या भोकातून गळतंय, तरच आतला दोष. आतही लगेच सील म्हणू नका. गिअरबॉक्स उतरला की पुसायच्या आधी टॉर्च घेऊन नीट बघा. फ्लायव्हीलची इंजिनकडची बाजू ओली असेल तर क्रँकचं सील, किंवा त्याच्या शेजारचा कॅमशाफ्टचा प्लग. क्लचकडची बाजू ओली आणि वास गिअर ऑइलचा असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील. हा पुरावा चिंधीच्या एका फटक्यात पुसला जातो. म्हणून मी पोरांना सांगून ठेवलंय, माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आत वेस्ट (पुसायचा सुताचा गुंता) लावायचा नाही.

आता मागचं सील, कारण तुमचं ते दोनदा वाया गेलंय. दाब कमी झाल्यावर कदाचित परत टाकायची गरजही पडणार नाही. पडलीच, तर सीलपेक्षा क्रँककडे आधी बघा.

गिअरबॉक्स उतरवायच्या आधीची एक तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून एकानं क्लच दाबायचा आणि सोडायचा, दुसऱ्यानं पुढच्या पुलीवर नजर ठेवायची. पुली पुढं-मागं हलताना डोळ्यांना दिसली तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारे वॉशर, गेलेत. क्रँकची पुढची-मागची चाल साधारण 0.1 ते 0.3 मिलिमीटर असते, ती नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. तसंच मेन बेअरिंग झिजून क्रँक वर-खाली खेळत असेल, तर गरम इंजिनात आयडलला ऑइलचा दाब गेजवर पडलेला दिसतो. क्रँक नाचत असताना सीलची लिप (शाफ्टला टेकणारी रबरी कड) त्याच्या मागं किती पळणार?

सील निघाल्यावर क्रँकच्या ज्या पट्ट्यावर ते टेकतं, त्यावर नख फिरवा. वीस वर्षांत लिप त्याच जागी घासते आणि पट्ट्यात खाच पडते. नख अडकलं की नवीन सील त्याच खाचेत बसवून उपयोग नाही. उपाय दोन. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढं किंवा मागं बसवायचं, म्हणजे लिप नव्या जागेवर येते. नाहीतर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. ती साधारण पाव मिलिमीटर जाड असते, त्यामुळं तेच सील चालतं. एमरी पेपर मारून खाच घालवायचा प्रयत्न करू नका. तिरकस ओरखडे उठतात आणि शाफ्ट फिरताना तेच ओरखडे ऑइल बाहेर पंप करतात.

गंजाचे खड्डे तर खाचेपेक्षा वाईट. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. ऑइल बदलून, धुऊन त्या चालू झाल्या, पण सीलच्या पट्ट्यावर धरलेल्या गंजानं नवीन सीलं महिन्यात कापली. तुमची गाडी त्या पुरात होती का, किंवा पुरातल्या गाडीचं इंजिन तुम्ही घेतलंय का, हे मेस्त्रींना सांगा. पूर आलेल्या भागात जुनं इंजिन घेणाऱ्यानं हे विचारलंच पाहिजे.

बसवताना लिपची तोंडाची बाजू, म्हणजे स्प्रिंग दिसते ती, इंजिनाकडे. लिपला ऑइल लावा. काही सीलं कोरडीच बसवायची असतात, तसं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. शाफ्टच्या धारेवरून लिप दुमडू नये म्हणून मी प्लॅस्टिकच्या बाटलीचा पातळ पत्रा कापून गुंडाळतो, त्यावरून सील सरकवतो आणि मग पत्रा ओढून घेतो. हातोडीनं एका बाजूला ठोकून तिरकं बसलेलं सील पहिल्याच खेपेला गळतं. चारी बाजूंनी सारखं दाबलं जावं म्हणून त्या मापाचं कडं लेथवर करून घ्या, जन्मभर कामाला येईल. सीलची पट्टी वेगळी बोल्टानं बसणारी असेल तर तिचा खालचा काठ ब्लॉकच्या खालच्या काठाशी अगदी सपाट जुळवा. तिथं अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली की चेंबरचं पॅकिंग त्या कोपऱ्यात उचललं जातं आणि पुढच्या महिन्यात परत "मागचं सील गळतंय" म्हणून गाडी येते.

रबराचा प्रकारही विचारून घ्या. साधं नायट्राइल शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत ठीक, व्हायटॉन दोनशेच्या आसपास टिकतं. क्रँकच्या सीलसाठी मी व्हायटॉनच घेतो. रंगावरून ओळखू नका, कुठल्याही रबराला कसलाही रंग देता येतो. फार जुन्या इंजिनांत रबरी सीलऐवजी दोरी असते. ती ऑइलमध्ये भिजवून, गुळगुळीत गोल दांड्यानं खाचेत नीट दाबून बसवायची आणि टोकं किंचित वर ठेवूनच कापायची. वरची निम्मी दोरी बदलायला क्रँक काढावी लागते, त्यामुळं ते काम इंजिन खोलण्याच्या वेळी.

टॅपेट कव्हर आणि चेंबर यांची रोगाची जात एकच आहे: गळतंय म्हणून आवळतात, आवळलं की पत्रा बोल्टापाशी आत बसतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलतो. मग आणखी गळतं. कव्हर काढून काचेवर पालथं ठेवा, कडेखालून कागद जातो का बघा. वाकलेल्या जागा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं हलक्या हातानं सपाट करा. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं जात, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. कॉर्कचं पॅकिंग किंचित फुगेपर्यंतच, पिळून बाहेर येईपर्यंत नाही.

आणि सिलिकॉन. याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण यानं इंजिनं मेलेली मी बघितली आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये जेवढं बाहेर पिळून येतं तेवढंच आतही पिळून येतं. आतलं सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. कराडच्या बाजूची एक गाडी टो करून आली होती, क्रँक जाम. चेंबर उतरवलं तर जाळीवर सिलिकॉनच्या लांब दोऱ्या, शेवयांसारख्या. एका पॅकिंगचे पैसे वाचवायला क्रँक गेली. सिलिकॉन लावायचंच असेल तर दोन्ही बाजू तेलकटपणा न ठेवता पुसा, काडीएवढी एकच सलग रेघ, बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, आणि पाकिटावर सांगितलेला वेळ सुकू द्या. पॅकिंगच्या वर सिलिकॉनचा लेप द्यायची गरज नसते.

ड्रेन नट आणि बँजो बोल्टांचे कॉपर वॉशर दरवेळी नवे घ्या. रात्री-अपरात्री मिळाला नाही तर जुना गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं, मग पॉलिश पेपरनं पुसून बसवा. ऑइल फिल्टरचं जुनं रबर वरच चिकटून राहिलं आणि नवं त्यावर बसलं, की गरम झाल्यावर ऑइलचा फवारा उडतो. दरवेळी हात लावून बघा.

गेज काडीही तपासा. जुन्या गाड्यांत दुसऱ्याच इंजिनाची काडी घातलेली असते आणि वर्षानुवर्षं दोन लिटर जास्त ऑइल भरलं जातं. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळते, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून व सीलमधून निघतो. ऑइल बदलताना पुस्तकातलं माप मोजून भरा, दहा मिनिटं सपाट जागी थांबा आणि काडीवर तिथं तुमची खूण करा. उलट, न ओतता ऑइल वाढत असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल पंपातून किंवा फीड पंपातून डिझेल आत उतरतंय. तशी गाडी चालवू नका, पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंगं जातात.

गळती थांबवायला जाड ऑइल, गिअर ऑइलची भेसळ किंवा बाटलीतलं औषध टाकू नका. औषधानं रबर काही दिवस फुगतं आणि पुढं लिबलिबीत होतं. जाड ऑइल सकाळी गार इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं. 15डब्ल्यू-40 भरा, तेच या इंजिनाचं ऑइल.

हंगामात वेळ नाही म्हणून गळती तशीच ओढू नका, एवढी विनंती. टर्बोच्या आणि एक्झॉस्टच्या लाल झालेल्या लोखंडावर ऑइल पडलं तर पेट घेतं. क्लचप्लेट ऑइल प्यायली तर भरली गाडी चढावर मागं येते. आणि आपल्या गाडीचा सडा घाटाच्या वळणावर पडला तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. त्याला कळतही नाही कुणामुळं. निघालेलं जुनं ऑइल ओढ्यात किंवा गटारात सोडू नका, डब्यात साठवून परवाना असलेल्या खरेदीदाराला द्या. इथलं प्रत्येक गटार शेवटी कृष्णेलाच जातं.

तुमच्यासाठी क्रम असा. आज ब्रीदर काढून साफ करा. उद्या नळी लावून दाब मोजा, कॉम्प्रेसर भरताना आणि अनलोडर सुटताना वेगवेगळा, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. परवा गाडी धुऊन, पावडर मारून, एक भरली खेप करा आणि बेल हाउसिंगच्या डोक्यावर हात फिरवून बघा. हे तीन दिवसांचं काम आहे. मेस्त्रींना आधी ते आकडे दाखवा, गिअरबॉक्सच्या बोल्टाला पाना त्यानंतर लागू दे.